हौसेचा लांब पल्ला



कामगार संघटनेत उमेद घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून बोनस, महागाई भत्ता किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ती रास्तही आहे. आज मात्र आम्ही सायकलीवर बोलणार आहोत. तीही पहिल्या पाळीचा भोंगा गाठणारी सायकल नव्हे. रविवारी सकाळी, कुणी बोलाविलेले नसताना, केवळ हौसेखातर वीस, चाळीस, साठ किलोमीटर जाऊन परत घरी येणाऱ्या सायकलीचा हा विषय आहे. विषय हलका वाटेल; पण त्यात आरोग्याचा प्रश्न आहे, आणि स्वतःच्या वेळेवर व स्वतःच्या शरीरावर माणसाची मालकी किती, हा त्याहून जुना प्रश्नही आहे.

हा विषय घेण्यास कारण घडले ते असे. पंचेचाळीस ते साठ या वयाचे कामगार, कारकून, निवृत्तीला आलेले मेस्त्री यांच्यात अलीकडे सायकलीची नवी हौस दिसते. मुलगा नोकरीला लागतो आणि वडिलांना गिअरची सायकल घेऊन देतो. वडील पहिल्याच रविवारी मित्रांबरोबर सिंहगडाचा पायथा गाठतात. सोमवारी गुडघा धरतो, बूड दुखते, मंगळवारी मांडी उचलत नाही. महिन्याभराने ती सायकल गॅलरीत उभी असते आणि तिच्यावर टॉवेल वाळत असतात. त्यावर घरचे म्हणतात, ‘वय झाले.’ आमचे म्हणणे असे की, दोष वयाचा नसून हिशेबाचा आहे. लांब पल्ला हा बळाचा खेळ नाही, वाढीचा खेळ आहे. ही वाढ कशी करावयाची, तिला मर्यादा का असते आणि ती कोणाच्या हाती असावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

सुटीचा दिवस आणि दोन चाके

प्रथम वेळेचा विचार करू, कारण वेळ नसेल तर पुढचे सारे बोलणे व्यर्थ आहे. मुंबईच्या गिरणी कामगाराला एकेकाळी आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरविल्या, मागण्यांचा अर्ज केला, आणि पुढे सहा वर्षे हा प्रश्न लावून धरला. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. आपण ज्याला सहज ‘रविवार’ म्हणतो तो अशा रीतीने मिळविलेला आहे. १९४८च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली तीही याच वाटेवरची पुढची पायरी होती.

योगायोग असा की, कामगाराला मोकळा वेळ मिळू लागला त्याच सुमारास आजच्या रूपातली सायकल तयार झाली. जॉन केम्प स्टार्ली याने १८८५ साली इंग्लंडमध्ये दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरविणारी सायकल बाजारात आणली. त्यापूर्वीची सायकल म्हणजे पुढे माणसाएवढे चाक आणि मागे चिमुकले. तीवरून पडणे म्हणजे डोके फुटणे. १८८८ साली डनलॉपने हवेचा टायर काढला आणि हाडे खिळखिळी करणारे वाहन सुसह्य झाले. पुढे किमती उतरल्या, आणि ज्याला घोडा परवडत नव्हता त्याला शहराबाहेरची टेकडी पाहता येऊ लागली.

युरोपातील कामगारांनी हे लगेच ओळखले. १८९४ साली बर्मिंगहॅम येथे समाजवादी विचाराच्या तरुणांनी ‘क्लॅरिअन’ नावाचा सायकल संघ काढला. सुटीच्या दिवशी खेड्यापाड्यांत सायकलीने जावयाचे, वाटेत पत्रके वाटावयाची आणि संध्याकाळी गात परत यावयाचे, असा त्यांचा क्रम. जर्मनीत १८९६ साली ऑफेनबाख येथे कामगार सायकलस्वारांचा ‘सॉलिडॅरिटेट’ हा संघ निघाला. तो फोफावला, आणि म्हणूनच १९३३ साली नाझी सरकारने तो बंद पाडला. १९३६ साली फ्रान्समध्ये कामगारांना प्रथमच दोन आठवड्यांची पगारी सुटी कायद्याने मिळाली, तेव्हा कित्येक जोडपी दोन सीटांच्या सायकलीवर बसून समुद्र पाहावयास निघाली. त्यांतील अनेकांनी तो त्यापूर्वी कधी पाहिलाच नव्हता.

आपणही मागे नव्हतो. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलीवरून जगाच्या फेरीला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी फेरी पुरी केली आणि ते १९२८ साली मुंबईला परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटरचा तो प्रवास, आणि सायकली मात्र बिनगिअरच्या, जड. यंत्र महाग असल्याशिवाय लांब जाता येत नाही, असे जे दुकानदार सांगतात त्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

कष्ट वेगळे आणि व्यायाम वेगळा

आता एक प्रश्न, जो आम्हांला नेहमी विचारला जातो. ‘आम्ही दिवसभर अंगमेहनत करतो. आम्हांला निराळा व्यायाम कशाला? आणि दिवसभर पोती वाहणारा माणूस चाळीस किलोमीटर सायकलीने का थकावा?’ प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांत बरेच स्पष्ट झाले आहे.

डेन्मार्कमधील संशोधकांनी व त्यांच्यामागून इतरांनी हजारो लोकांची माहिती तपासली, तेव्हा असे आढळले की, फावल्या वेळात केलेल्या हालचालीने हृदयाचे आरोग्य सुधारते. पण कामावरच्या जड मेहनतीने तसा लाभ होताना दिसत नाही, आणि पुष्कळ पाहण्यांत उलट अपायच दिसतो. कारणे समजण्यासारखी आहेत. कामावरची मेहनत तासन्‌तास चालते. तीत हृदयाची गती आणि रक्तदाब दिवसभर थोडे चढलेलेच राहतात. ओझे धरून उभे राहणे, वाकून राहणे, यांत स्नायू आवळलेले असतात, पण रक्त खेळत नाही. आणि मुख्य म्हणजे, थकलो म्हणून थांबावे असे मनात आले तरी थांबता येत नाही. गती यंत्राच्या हाती असते किंवा मुकादमाच्या. फावल्या वेळचा व्यायाम थोडा वेळ चालतो, हृदयाला नीट पळवितो आणि मग त्याला पूर्ण विसावा देतो. त्या विसाव्यात शरीर स्वतःची दुरुस्ती करून पूर्वीपेक्षा थोडे मजबूत होते.

म्हणजे फरक घामात नाही. तो आहे गती आणि विसावा कोणाच्या हाती आहे यात. ही गोष्ट आम्ही मुद्दाम अधोरेखित करतो, कारण पुढचा सारा हिशेब तिच्यावर उभा आहे. जो माणूस सायकलीवर बसताच स्वतःचाच मुकादम होतो, मोबाइलवरचे आकडे पाहून स्वतःला दामटतो, शेजाऱ्याने सत्तर केले म्हणून आपण ऐंशी करतो, त्याने आठवड्याचा सातवा दिवसही कामाचा करून टाकला असे समजावे.

वाढ कशी होते

सायकल चालविल्याने माणूस तयार होतो, असे आपण म्हणतो; खरे तर चालविल्याने तो थकतो आणि विसाव्याने तयार होतो. नियमित चालविणाऱ्याच्या शरीरात रक्ताचे प्रमाण वाढते, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि चरबी जाळून शक्ती मिळविण्याची स्नायूंची हातोटी सुधारते. यांतील पहिले बदल दोनचार आठवड्यांत जाणवू लागतात. दम कमी लागतो आणि माणसाला वाटते, आता काहीही जमेल.

घात होतो तो येथेच. हृदय व स्नायू लवकर तयार होतात. पण स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे, गुडघ्याभोवतीचे बंध, यांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्यांना महिने लागतात. दम म्हणतो ‘चल’, आणि गुडघा तयार नसतो. सहाव्या-सातव्या आठवड्यात पुष्कळांचे गुडघे संपावर जातात ते यामुळे. संप होण्यापूर्वी निवेदने येतात, हे आमच्या धंद्यातील पहिले सूत्र आहे. गुडघ्याचे निवेदन म्हणजे जिना उतरताना होणारी कळ. ते निवेदन वाचावे, फायलीत ठेवू नये.

यासाठी वाढीचा एक साधा नियम चालत आला आहे. आठवड्याला साधारण दहा टक्के वाढ, आणि तीन आठवडे वाढविल्यावर चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी. हा काही निसर्गाचा अटळ कायदा नव्हे, अनुभवाचा आडाखा आहे. अंतर लहान असताना थोडे अधिक वाढविले तरी चालते. पण चौथा आठवडा हलका ठेवण्याची गोष्ट मात्र चुकवू नये.

आपल्या मातीतले याचे उत्तम उदाहरण म्हणजे पंढरीची वारी. आळंदीहून पंढरपूर दोनशे किलोमीटरहून अधिक आहे, आणि सत्तरीच्या म्हाताऱ्या ते अंतर पायी जातात. ते कसे जमते? रोजचे टप्पे बांधलेले आहेत. विसावे ठरलेले आहेत. आळंदीहून पुण्यास आल्यावर परंपरेने दोन मुक्काम. मग दिवे घाट चढून सासवडचा सर्वांत अवघड टप्पा. आणि तो झाल्यावर सासवडला पुन्हा दोन मुक्काम. जेथे कष्ट जास्त तेथे विसावा जास्त, ही योजना कोणा शरीरशास्त्रज्ञाने आखलेली नाही, पण शरीरशास्त्राला ती पुरती मान्य आहे. शिवाय खाणे वेळेवर, चालणे दिंडीबरोबर, आणि वेग सर्वांना झेपेल असा. लांब पल्ल्याच्या सायकलस्वाराने याहून निराळे काही शिकावयाचे नाही.

आधी सायकल अंगाला बसवावी

वेळापत्रक सांगण्यापूर्वी सायकलीविषयी चार शब्द. महाग सायकल नको. अंगाला बसणारी हवी. आपल्याकडे सीट फार खाली ठेवण्याची सवय आहे, कारण सिग्नलला दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असे वाटते. दोनचार किलोमीटरला ते चालते. तीस किलोमीटरला गुडघा दर फेरीस जास्त दुमडतो आणि वाटीच्या मागे ताण साठत जातो. सीट कशी ठेवावी? भिंतीला धरून सीटवर बसावे, टाच पायडलवर ठेवावी, पायडल अगदी खाली गेले असता पाय सरळ व्हावा. पण कंबर कलू नये. मग चालविताना टाचेऐवजी चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप राहतो. उंच सीटची सवय होईपर्यंत दर आठवड्यास बोटभर चढवावी.

हँडल फार दूर असेल तर मान आणि कंबर भरते. कोपर थोडे वाकलेले असावेत, म्हणजे खड्ड्याचा दणका खांद्यापर्यंत जात नाही. हाताला मुंग्या येत असतील तर पकड बदलत राहावी. दर दहा-पंधरा मिनिटांनी क्षणभर सीटवरून उठावे. सीट गादीसारखी मऊ असली म्हणजे लांब जाता येते हा गैरसमज आहे. मऊ सीटमध्ये माणूस रुततो आणि मांडीला घासते. बसण्याच्या दोन हाडांना आधार मिळाला म्हणजे पुरे.

जुनी सायकल असल्यास आपल्या गल्लीतल्या सायकलवाल्याकडून एकदा ओव्हरऑइल करून घ्यावी, चाकांचा आऊट काढून घ्यावा, ब्रेकचे रबर बदलावे. टायरमध्ये हवा किती भरावी हा आकडा टायरच्या बाजूवरच छापलेला असतो. त्या मर्यादेत भरावी. कमी हवेने सायकल जड जाते आणि खड्ड्यात ट्यूब चिमटून पंक्चर होते. पाना, लहान पंप, एक जादा ट्यूब, सोल्युशन आणि ठिगळ एवढे बरोबर हवेच. पंक्चर काढण्यास आपल्याच दारात एकदा शिकावे. गावाबाहेर सकाळी सहाला दुकान उघडे नसते.

सोळा आठवडे

आता वेळापत्रक. ज्याला दहा किलोमीटर सावकाश जाता येते त्याने येथून सुरुवात करावी; ज्याला तेही जड जाते त्याने आधी महिनाभर रोज वीस-पंचवीस मिनिटे सपाट रस्त्यावर फिरवावी. आठवड्यात दोन दिवस अर्धा ते पाऊण तास हलके चालवावे, आणि रविवारी लांब जावे. रविवारची अंतरे किलोमीटरमध्ये अशी : पहिले चार आठवडे १०, १३, १६ आणि मग हलका १२. पुढचे चार २०, २४, २८ आणि हलका २०. त्यापुढे ३२, ३७, ४२ आणि हलका ३०. शेवटचे चार ४७, ५२, ५७ आणि हलका ३५. सतराव्या रविवारी ६०. मागच्या मोठ्या रविवारापेक्षा एकदाही पाच किलोमीटरहून जास्त वाढ नाही, हे ध्यानात घ्यावे. ताप, पाहुणे, लग्नसराई यांत एखादा आठवडा गेला तर भरपाई करू नये. सुटलेला आठवडा पुन्हा करून पुढे जावे. ओव्हरटाइमचा हिशेब येथे लागू नाही.

पुण्याच्या मध्यभागी राहणाऱ्यास खडकवासला धरण जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर पडते. सिंहगडाचा पायथा त्याहून पुढे. सासवड जाऊन-येऊन साठेक, तेही घाट चढून. इतर गावांतील श्रोत्यांनी आपापली ठिकाणे बसवावीत. पावसाने चार-पाच रविवार खाल्ले तरी आज सुरुवात करणारा नवरात्राच्या सुमारास साठावर पोचेल.

वेग किती? सोबत्याशी पुरी वाक्ये बोलता येतील इतका. बोलता बोलता धाप लागून वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला. यामागे गणित आहे. सपाट रस्त्यावर आपले मुख्य भांडण वाऱ्याशी असते, आणि वाऱ्याविरुद्ध लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. ताशी १५ ऐवजी २० किलोमीटरने गेलो तर ६० किलोमीटरला चारऐवजी तीन तास लागतात. पण वाऱ्याशी झगडण्यास दर क्षणी जवळजवळ २·४ पट शक्ती घालवावी लागते. एक तास वाचविण्यासाठी इतकी किंमत देणे हौसेच्या माणसाला परवडत नाही. जाताना पाठीवर वारा असेल तर तो परतताना तोंडावर असणार, हेही निघतानाच मनात धरावे.

चढाचेही तसेच. सायकलीसह ८५ किलो वजन ३०० मीटर उंच चढवावयाचे म्हणजे सुमारे २५० किलोज्यूल काम होते. स्नायू अन्नातील शक्तीचा साधारण चौथा हिस्साच कामात आणू शकतात, बाकीची उष्णता होते. म्हणून शरीराला सुमारे २४० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. ही दोन-अडीच केळ्यांची शक्ती झाली. ती अर्ध्या तासात खर्चावयाची की पाऊण तासात, एवढेच आपल्या हाती असते. हलका गिअर लावावा, पाय मिनिटाला सत्तर ते नव्वद फेरे सहज फिरतील असा. जड गिअरमध्ये दात-ओठ खाऊन चढण्यात मर्दुमकी दिसते, पण ताण गुडघ्यावर येतो. बिनगिअरची सायकल असेल तर उतरून ढकलत न्यावी. त्यात कमीपणा नाही.

खाणे, पाणी आणि सावधगिरी

शरीरात साखरेचा साठा स्नायूंत आणि यकृतात असतो. तो सगळा मिळून साधारण पाचशे ग्रॅम, म्हणजे दोन हजार किलोकॅलरी धरावा. यकृताचा वाटा शंभरेक ग्रॅमचा, आणि मेंदूला रात्रभर तोच पुरवठा करीत असतो. म्हणून सकाळी उपाशीपोटी लांब गेलेल्या माणसाला एकाएकी हातपाय गळाल्यासारखे होते, चिडचिड होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. निघण्यापूर्वी पोळी, केळे किंवा वाटीभर पोहे घ्यावेत. तासाहून जास्त जावयाचे असेल तर दर तासास ३० ते ६० ग्रॅम साखर पोटात जावी. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असते. चिक्की, खजूर, गूळपोळी ही आपली जुनी शिदोरी याला उत्तम. मिसळीचा बेत परतीच्या वाटेवर नव्हे, घरी पोचल्यावर असावा.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हाळ्यात अधिक. घाम खारट असतो, म्हणून पाण्याबरोबर मीठ हवे. मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत पुरेसे आहे. तहान नसताना लिटरमागून लिटर साधे पाणी पिणेही बरे नव्हे. रक्तातील मीठ उतरून डोके दुखते, भ्रम होतो. सध्याच्या दिवसांत पहाटे साडेपाच-सहाला निघून नऊपर्यंत घरी यावे.

ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा विकार आहे, किंवा ज्यांनी पन्नाशीपर्यंत काही व्यायामच केलेला नाही, त्यांनी आधी डॉक्टरांस दाखवावे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर वाटेत एकदम उतरू शकते. त्यांनी खिशात साखर ठेवावी आणि एकटे जाऊ नये. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, चक्कर, यांपैकी काही झाले तर तेथेच उतरावे आणि मदत मागावी. ‘घर जवळच आहे’ म्हणून पुढे रेटू नये. रात्रपाळी करून आलेल्याने त्या सकाळी लांब जाऊ नये. पेंगुळलेला सायकलस्वार आणि पेंगुळलेला ट्रकचालक यांची गाठ वाईट. डोक्यावर हेल्मेट, मागे लाल दिवा, अंगात उजळ रंगाचा सदरा हवा. पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे निसरडे होतात, ब्रेक उशिरा लागतात, आणि साचलेल्या पाण्याखाली खड्डा आहे असेच धरून चालावे.

चारचौघांत

एकट्याने जाण्यात आनंद असतो हे आम्हांला मान्य आहे. तरी सुरुवात चारसहा जणांच्या टोळीने करावी. टोळीचा एकच कायदा असावा : सर्वांत सावकाश चालणारा वेग ठरवील, आणि तो कधीही शेवटी एकटा राहणार नाही. या कायद्याने टोळी टिकते, आणि घरातील स्त्रियाही तीत येऊ शकतात. पुष्कळ भगिनींनी शाळेनंतर सायकल सोडलेली असते, ती आवड संपली म्हणून नव्हे. सकाळच्या दोन तासांत चहा, डबे आणि पाणी कोणी पाहावयाचे हा प्रश्न त्यांच्यापुढे असतो. पतिराजांनी एक रविवार सायकल आणि एक रविवार स्वयंपाकघर असा करार केला तर तो आमच्या पाहण्यातल्या कित्येक करारांपेक्षा न्याय्य होईल.

ज्यांना साठ पुरे वाटत नाहीत त्यांच्यासाठी पुढची वाटही आहे. १८९७ साली काही इटालियन सायकलस्वार एका दिवसात रोमहून नेपल्सला गेले. दोनशेहून अधिक किलोमीटर. त्यांना ‘औदाक्स’, म्हणजे धाडसी, म्हणू लागले, आणि त्यांतून बिनशर्यतीच्या लांब पल्ल्यांची परंपरा निघाली. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला वीस, ४००ला सत्तावीस, ६००ला चाळीस अशी मुदत असते. पहिला-दुसरा क्रमांक नसतो, मुदतीत पोचलेला प्रत्येक जण सारखा. महाराष्ट्रातही असे उपक्रम होतात. क्रमांक नसलेली परीक्षा ही आम्हांला फार आवडलेली गोष्ट आहे.

फ्रान्समधील सँ-एतिएन येथे पॉल द व्हिव्ही (१८५३ ते १९३०) नावाचे गृहस्थ होऊन गेले. रेशमाचा व्यापार सोडून ते सायकलीच्या मागे लागले; गिअरच्या सायकलीचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. लांब जाणाऱ्यांसाठी त्यांनी जे नियम घालून दिले त्यांचा आशय असा : भुकेपूर्वी खावे, तहानेपूर्वी प्यावे, जेवण आणि झोप नकोशी होईल इतके थकू नये, सुरुवातीच्या तासांत जोर करू नये, आणि केवळ मिरविण्यासाठी पायडल मारू नये. शंभर वर्षांत शास्त्र पुष्कळ पुढे गेले, परंतु या नियमांतला एकही त्याने रद्द केलेला नाही. तहानेच्या नियमाला, वर सांगितल्याप्रमाणे, एक मर्यादा तेवढी घातली आहे.

राहिला तो वेळेचाच प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. आम्ही सांगितलेले वेळापत्रक त्यात सहज बसते. परंतु ज्या कंत्राटी कामगाराला आठवड्याची सुटी घेतली तर रोज बुडतो, ज्या पोराला दिवसभर घरोघरी डबे आणि पार्सले पोचवून बारा तास भरावे लागतात, त्याला आम्ही हे वेळापत्रक कोणत्या तोंडाने सांगावे? त्याचे पाय दुचाकीवरच असतात, पण ती हौस नव्हे. १८९० साली मिळविलेला रविवार आज पुष्कळांच्या हातून पुन्हा निसटला आहे. सायकलीच्या टोळ्या वाढाव्यात असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी रस्त्यावर सायकलीसाठी सलग, मोकळी, झाडांच्या सावलीची वाट मागावी, आणि तिच्याबरोबर प्रत्येकाला पगारी सुटीचा दिवसही मागावा. या दोन मागण्या एकाच अर्जात लिहिण्यासारख्या आहेत.

तोवर ज्यांच्याजवळ रविवार आहे त्यांनी तो वाया घालवू नये. गॅलरीतल्या सायकलीवरचे टॉवेल काढावेत, सीट बोटभर उंच करावी, टायरमध्ये हवा भरावी, आणि येत्या रविवारी दहा किलोमीटर जाऊन यावे. दहाच, अकरावा पुढच्या रविवारी.